तारेखालचा रथ : तंजावूरजवळच्या एका पहाटेचा इतिहास

२७ एप्रिल २०२२. पहाटेचे सुमारे तीन वाजले होते. तंजावूर शहरालगतच्या कळिमेडू या गावात सातव्या शतकातील शैव संतकवी अप्पर यांचा वार्षिक उत्सव चालू होता. विजेच्या दिव्यांनी सजवलेला उंच रथ ओढत गावकरी रात्रभर गल्लीगल्लीतून फिरत होते; घरोघरी आरती स्वीकारत मिरवणूक परतीच्या वाटेला लागली होती. एका वळणावर रथ फिरवताना त्याचा वरचा भाग डोक्यावरून गेलेल्या उच्चदाब वाहिनीला टेकला. रथाने पेट घेतला. ११ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत लहान मुलेही होती. अनेक जखमींना तंजावूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेण्यात आले.

त्या दिवशी तमिळनाडूच्या विधानसभेने मृतांना श्रद्धांजली वाहिली, मुख्यमंत्री गावात गेले, मदत जाहीर झाली, चौकशी नेमली गेली. त्यानंतरच्या बातम्यांतून दोन तपशील पुढे आले. पहिला असा की, ज्या रस्त्यावर हा प्रसंग घडला त्याची पातळी नुकत्याच झालेल्या कामात वाढली होती. दुसरा असा की, रस्त्यावर पाणी साचल्यामुळे दोर ओढणारे बरेच लोक त्या क्षणी रथापासून दूर झाले होते, अन्यथा मृतांची संख्या कितीतरी अधिक असती. हे दोन तपशील बाजूला ठेवून ‘दुर्दैवी अपघात’ एवढेच म्हणणे सोपे आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहिले, तर कळिमेडूची पहाट सुमारे एकशे चाळीस वर्षांच्या एका कथेचा भाग ठरते. ती कथा आहे उघड्या तारेची, आणि त्या तारेपासून माणसाने राखलेल्या अंतराची.

तंजावूर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी येथे स्थापन केलेले भोसल्यांचे राज्य पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकले. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आजही वाचता येतो. तो कोरवून घेणारे दुसरे सरफोजी राजे हे त्या काळच्या हिंदुस्थानातील अत्यंत विज्ञाननिष्ठ राज्यकर्त्यांपैकी एक होते. धन्वंतरी महालात ते औषधांचे प्रयोग करवीत, नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेववीत. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी युरोपीय शास्त्रग्रंथ जमवले. १८२६ मध्ये भेटीला आलेल्या बिशप हेबर यांना लाव्हाझिए, लिनिअस, ब्युफाँ यांचे दाखले सहज देणारा राजा पाहून आश्चर्य वाटले होते. सरफोजींच्या संग्रहात हवेचा पंप, हस्तिदंती मानवी सांगाडा आणि वीज निर्माण करणारे घर्षणयंत्र असल्याचे तत्कालीन पाहुण्यांनी लिहून ठेवले आहे.

ते घर्षणयंत्र म्हणजे एक शोभेची, शिकण्याची वस्तू. काच फिरवावी, ठिणगी पाहावी, पाहुण्याच्या बोटाला झिणझिण्या आणून दरबारात हशा पिकवावा. अशा यंत्रात साठणारा विद्युतभार इतका अल्प असतो की त्याने सहसा इजा होत नाही. परंतु तीच वीज आकाशातून आली तर काय होते, हे युरोपला तोवर कळून चुकले होते. ६ ऑगस्ट १७५३ रोजी सेंट पीटर्झबर्ग येथे गेओर्ग रिखमान हा भौतिकशास्त्रज्ञ वादळी ढगांतील वीज मोजण्याचा प्रयत्न करताना मरण पावला. म्हणजे विजेच्या अभ्यासाची किंमत प्रथम अभ्यासकानेच मोजली. सामान्य माणसाची पाळी पुढच्या शतकात आली.

रथ मात्र विजेहून फार जुना. तमिळ भाषेत मोठ्या रथाला ‘तेर’ म्हणतात, आणि उत्सवापुरती बांबू-लाकडाची चौकट उभारून सजवलेल्या हलक्या वाहनाला ‘चप्परम्’. कावेरीच्या खोऱ्यात ही परंपरा विशेष समृद्ध आहे. जुन्या तंजावूर जिल्ह्यातील तिरुवारूरचा रथ सजावटीसह ९० फुटांहून उंच होतो. बृहदीश्वराची रथयात्रा सुमारे शतकभर खंडित होती. २०१५ मध्ये नवा रथ घडवून ती पुन्हा सुरू झाली. ज्या काळात हे रथ प्रथम घडले, त्या काळात त्यांच्या उंचीला छत नव्हते. कळस किती उंच करायचा याचा निर्णय सुताराचे कौशल्य, लाकडाचे बळ आणि गावाची ऐपत या तीनच गोष्टी करीत. रस्त्यावरचे आकाश रिकामे होते.

ते आकाश भरू लागले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्यामागचे कारण पूर्णपणे आर्थिक होते. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार खांबावर टांगली की तिच्याभोवतीची हवा हेच आवरण होते, आणि हवा फुकट मिळते. तीच तार जमिनीखाली न्यायची तर जाड आवरण, खोदाई, सांधे, दुरुस्ती हा सारा खर्च अनेकपटींनी वाढतो. म्हणून जगभर वीज प्रथम डोक्यावरून आली. न्यूयॉर्कमध्ये तार, टेलिफोन आणि प्रकाशाच्या तारांचे जाळे इतके दाट झाले की रस्त्यावरून आकाश दिसेना. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी भरदुपारी मॅनहॅटनमध्ये जॉन फीक्स हा तारकर्मी खांबावर काम करीत असताना, निरुपद्रवी समजल्या गेलेल्या तारेतून आलेल्या उच्चदाबाच्या विजेने मरण पावला. हजारो लोकांनी ते खाली उभे राहून पाहिले. त्या लोकक्षोभानंतर महापालिकेने तारा उतरवण्यास सुरुवात केली आणि वीज जमिनीखाली नेण्याच्या कामाला वेग आला.

हिंदुस्थानात विजेविषयीचा पहिला कायदा १८८७ मध्येच झाला. पुढे १९०३ आणि १९१० चे कायदे आले. तमिळ प्रदेशात १९३२ मध्ये पायकारा आणि १९३७ मध्ये कावेरीवरील मेट्टूर धरणाचे वीजगृह सुरू झाले. ज्या नदीने हजार वर्षे या भूमीला भात दिला, तीच आता दिवेही देऊ लागली. स्वातंत्र्यानंतर कृषिपंपांसाठी गावोगाव वाहिन्या पोहोचल्या. भातशेतीच्या या प्रदेशात विहिरीवरची मोटर हे समृद्धीचे साधन ठरले, आणि शेताकडे जाणारी ११ किलोव्होल्टची वाहिनी बहुधा गावाच्या रस्त्याकडेनेच गेली. तिच्यावर आवरण नव्हते, आणि आजही बहुतेक ठिकाणी नाही. लहान मुलाला चिमणी तारेवर बसलेली पाहून वाटते की त्या काळ्या तारेवर रबर असेल. ते रबर नसते. चिमणी वाचते ती एकाच तारेला स्पर्श करते आणि जमिनीला टेकत नाही म्हणून.

अशा उघड्या तारेची सुरक्षितता एकाच गोष्टीवर उभी असते. ती म्हणजे अंतर. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी ते अंतर आकड्यांत बांधले आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी तेच आकडे पुढे चालवले. ११ किलोव्होल्टची उघडी तार रस्ता ओलांडत असेल तर जमिनीपासून किमान ६.१ मीटर आणि रस्त्याच्या कडेने जात असेल तर किमान ५.८ मीटर उंच असली पाहिजे.

हे आकडे कोठून आले? येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. उच्चदाबाची वीज काही फुटांवरून ‘खेचून घेते’ अशी समजूत खेड्यापासून शहरापर्यंत सर्वत्र आढळते. कोरड्या हवेचे विद्युतरोधन मोडायला दर सेंटिमीटरला सुमारे ३० हजार व्होल्ट लागतात. ११ किलोव्होल्टच्या वाहिनीतील एका तारेचा जमिनीसापेक्ष दाब सुमारे ६,३५० व्होल्ट, आणि प्रत्येक आवर्तनातील त्याची कमाल सुमारे ९,००० व्होल्ट असते. म्हणजे सपाट पृष्ठभागांमध्ये ही वीज जेमतेम तीन मिलिमीटर उडी मारू शकते; टोकदार वस्तू, ओलावा आणि धूळ यांमुळे हे अंतर काहीसे वाढते, पण मीटरात जात नाही. केवळ विजेच्या दृष्टीने पाहिले तर हातभर अंतरही पुष्कळ झाले असते.

मग ५.८ मीटर कशासाठी? ते विजेसाठी नाही, माणसासाठी आहे. गवताने भरलेली बैलगाडी, तिच्यावर बसलेला पोरगा, त्याच्या हातातली काठी, उसाचा ट्रक, खांद्यावरून नेलेली लोखंडी शिडी, या साऱ्यांसाठी ते राखलेले आहे. नियमातील जवळजवळ सारे अंतर म्हणजे मानवी वर्तनाचा अदमास. आणि म्हणूनच मानवी वर्तन बदलले की ते अंतर नकळत खर्च होऊ लागते.

ते कसे खर्च होते, हे साध्या हिशेबाने पाहता येते. ८० मीटर अंतरावरच्या दोन खांबांमध्ये एक मीटर झोळ असलेली तार घेऊ. तिची लांबी सरळ रेषेपेक्षा केवळ सव्वातीन सेंटिमीटरने अधिक असते. तारेचे तापमान ३० अंशांनी वाढले, तर प्रसरणाने तिची लांबी सुमारे साडेचार सेंटिमीटरने वाढते. ताणातील बदल बाजूला ठेवला तर झोळ एक मीटरवरून दीड मीटरवर जातो. चार-पाच सेंटिमीटरच्या प्रसरणातून मध्यभागी तार अर्ध्या मीटरपर्यंत खाली उतरते. त्यामुळेच तारेची उंची उष्ण दिवसाचा झोळ धरून मोजायची असते. आता यात रस्त्याच्या नव्या थराचे एक-दोन फूट मिळवावेत. खांब किंचित कलला असेल तर त्याचे मिळवावेत. आणि शेवटी सजावटीच्या कळसाचे. यातील प्रत्येक भर वेगळी घेतली तर क्षुल्लक आहे. कोणी एकाने केलेली चूक म्हणावी अशीही नाही. बेरीज मात्र कोणीच केलेली नसते.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. तार रथाला लागली, त्या क्षणी वीज आपोआप खंडित का होत नाही? घरात बिघाड झाला की मंडल स्विच पडतो. मग उपकेंद्रातील एवढा मोठा ब्रेकर का पडू नये?

याचे उत्तर समजण्यासाठी अमेरिकेतील बर्कले येथे जावे लागते. चार्ल्स डॅलझील या विद्युत अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने १९४० च्या दशकात स्वयंसेवकांच्या हातातून अल्प प्रवाह पाठवून एक प्रश्न विचारला : किती प्रवाहाला माणूस हातातली तार सोडू शकत नाही? उत्तर आले, पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांत सुमारे साडेदहा. एक मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. त्यापुढे स्नायू आखडतात आणि माणूस तारेला ‘चिकटतो’. विजेला आकर्षण नसते. मूठ आपल्याच स्नायूंनी आवळली जाते. प्रवाह ५० ते १०० मिलिअँपिअरच्या घरात काही क्षण छातीतून गेला की हृदयाचे ठोके विस्कटून थरथर सुरू होऊ शकते. या संशोधनातूनच डॅलझील यांनी पुढे गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण विकसित केले. आज आपल्या घरांतील आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडते, ती याच ज्ञानपरंपरेतून.

आता उपकेंद्राकडे पाहू. ११ किलोव्होल्टच्या वाहिनीवर शेकडो अँपिअर प्रवाह वाहत असतो. तिच्यावरचा भूदोष ओळखणारा रिले साधारणपणे काही दशक अँपिअरला जागा होतो. तार थेट लोखंडी खांबाला किंवा ओल्या मातीत रुतलेल्या धातूला लागली, तर मोठा प्रवाह वाहतो आणि रिले तत्काळ काम करतो. परंतु मध्ये लाकूड, रबरी चाके, डांबर, कोरडी माती असेल तर जमिनीत जाणारा प्रवाह काही अँपिअर किंवा त्याहूनही कमी राहू शकतो. रिलेच्या लेखी तो प्रवाह नसल्यातच जमा. माणसाच्या हृदयासाठी तो प्राणघातक मर्यादेच्या कितीतरी पट अधिक असतो. मानवी शरीराचा अंतर्गत रोध ढोबळमानाने एक हजार ओहम धरला, तर दहा माणसे एकाच वेळी विद्युतभारित चौकटीला हात लावून उभी असताना जे घडते त्याला फार वर्णनाची गरज नाही. अभियंते या प्रकाराला उच्चरोध दोष म्हणतात. तो विश्वासाने ओळखणे हा वीजवितरणातला आजही पूर्णपणे न सुटलेला प्रश्न आहे.

तात्पर्य असे की, उपकेंद्रातील संरक्षणव्यवस्था मुख्यतः रोहित्राचे आणि वाहिनीचे रक्षण करते. तारेखालून जाणाऱ्या माणसाचे रक्षण करण्यासाठी तिची रचनाच झालेली नाही. ते काम पूर्णपणे त्या ५.८ मीटरवर सोपवलेले आहे.

कळिमेडू एकटे नाही, हे सांगणे दुःखद पण आवश्यक आहे. २८ जून २०२३ रोजी त्रिपुरातील कुमारघाट येथे उलट्या रथयात्रेत रथ तारेला लागून जीवितहानी झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारमधील हाजीपूरजवळ कावडयात्रेच्या वाहनावरील उंच साहित्य उच्चदाब तारेला लागले आणि तरुण मुले दगावली. महाराष्ट्रात गणेशमूर्तीची मिरवणूक जाताना पुढे चालणारा कार्यकर्ता बांबूने तारा उचलून धरतो, हे दृश्य कोणाला अपरिचित आहे? ती तार दूरध्वनीची वा केबलची असेल तोवर ठीक. बांबू ओला असेल आणि तार ११ किलोव्होल्टची असेल, तर तो बांबू रोधक उरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांनुसार देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी १२ हजारांहून अधिक माणसे मरण पावतात. म्हणजे दररोज तीसहून अधिक. कळिमेडूत ११ जण एकाच वेळी गेले म्हणून ती राष्ट्रीय बातमी झाली. उरलेले बहुतेक एकेकटे जातात.

जबाबदारीचा प्रश्न न्यायालयांसमोरही आला आहे. रात्री सायकलवरून घरी परतणारा एक माणूस रस्त्यावरील पाण्यात पडलेल्या जिवंत तारेमुळे मरण पावला, त्या खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीजमंडळाला काटेकोर दायित्वाचे तत्त्व लावले. धोकादायक वस्तू समाजात वाहून नेणाऱ्याने, स्वतःची हयगय सिद्ध झाली नाही तरी, भरपाई दिली पाहिजे, असा त्याचा आशय. तत्त्व योग्यच आहे. परंतु भरपाई मृत्यूनंतर मिळते, आणि तारेखालचे अंतर मृत्यूपूर्वी मोजायचे असते.

कळिमेडूनंतर झालेल्या चर्चेत, ते वाहन ‘तेर’ होते की ‘चप्परम्’, उत्सवाची पूर्वसूचना दिली होती की नव्हती, यावर बराच वाद झाला. प्रशासकीय दृष्टीने तो महत्त्वाचा असेल. तारेला मात्र ही नावे ठाऊक नसतात. खरा प्रश्न वेगळा आहे. रस्ता एक खाते बांधते, तार दुसरे खाते ओढते, उत्सव गाव करते आणि परवानगी तिसरे खाते देते. रस्त्याची पातळी वाढली की वरच्या तारेची उंची पुन्हा मोजणे हे कोणाचे काम, याचे उत्तर बहुतेक गावांत कोणालाच देता येणार नाही.

उपाय अज्ञात नाहीत. मोठ्या रथोत्सवांत वीज कर्मचारी रथाच्या पुढे चालतात, मार्गावरची वाहिनी बंद करतात, गरज पडल्यास तारा सोडवतात. ही पद्धत तमिळनाडूत जुनी आहे. गर्दीच्या वस्तीत उघड्या तारांऐवजी आवरण असलेल्या एकत्रित केबल टाकता येतात. रथमार्गावरच्या तारा जमिनीखाली नेता येतात. कळस दुमडता येईल असा करता येतो. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मिरवणुकीच्या आदल्या दिवशी दोन आकडे कागदावर लिहिणे : रथाची जमिनीपासूनची उंची, आणि मार्गावरील सर्वांत खालच्या तारेची उंची. दुसरा आकडा दोरीने किंवा काठीने नव्हे, तर अंतरमापक उपकरणाने वीज कर्मचाऱ्याकडूनच मोजून घ्यावा.

हाच विचार घराच्या दारापर्यंतही येतो. वाहनतळाच्या भिंतीवरून, जिन्याखालून, पंपघरातून उघडी ओढलेली तार कित्येक वर्षे काहीही होत नाही म्हणून सुरक्षित वाटते. तीही अंतराच्याच भरवशावर असते. मग एके दिवशी तिच्याखाली लोखंडी कपाट येते, तिच्यावर ओले कापड वाळत पडते, गाडी धुताना फरशी ओली होते, शिडीचे टोक तिला घासते. जेथे हात, ओझे किंवा पाणी पोहोचू शकते तेथे तार नळीत बंद असावी, अर्थिंग तपासलेले असावे आणि मंडलावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी, या नियमांमागचा हिशेब कळिमेडूच्या हिशेबाहून निराळा नाही.

याच तंजावूर जिल्ह्यात १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या एका शाळेला आग लागून ९४ मुले मरण पावली. त्यानंतर तमिळनाडूतील शाळांवरची गवताची छपरे उतरवली गेली. राज्य ठरवले तर शिकू शकते, याचा तो पुरावा. छप्पर उतरवणे सोपे होते, कारण ते दिसत होते. तारेखालचे अंतर मात्र दिसत नाही, आणि ते रोज थोडेथोडे कमी होत असते. तंजावूरच्या राजाने दोनशे वर्षांपूर्वी रुग्णाच्या डोळ्याची नोंद उपचाराआधी आणि उपचारानंतर करवून ठेवली. मोजावे आणि लिहून ठेवावे, एवढीच ती शिस्त. कळिमेडूच्या वळणावर त्या रात्री दिवे, फुले, वाद्ये आणि श्रद्धा यांची कमतरता नव्हती. कमतरता होती ती रस्त्यापासून तारेपर्यंतच्या एका ताज्या मापाची.